उसवलेली अंबारी

"अस्तर कुठलंही लावा हो अज्जी, आत कोण बघतंय?" असं म्हणत अक्षतानं पिशवीतली काळी साडी शिलाई मशीनवर ओतली.

रुद्रव्वाचा पाय मशीनच्या पायडलवरच थांबला. साडी विटून तांबूस झाली होती, निऱ्यांच्या जागी जाळी पडली होती. पण पदराजवळचे हत्ती शाबूत होते. पाठीवर अंबारी घेतलेले, एकामागून एक चाललेले अकरा हत्ती.

"माझ्या अज्जीची पंचाहत्तरी आहे रविवारी," अक्षता सांगत होती. "साडी तर नेसण्यासारखी राहिली नाही. म्हटलं, प्रत्येक हत्ती वेगळा कापून अकरा पाकिटं करावीत. छोटी, चेन लावलेली. घरातल्या बायकांना अज्जीच्या हातचं काहीतरी राहील."

"अज्जीच्या हातचं?"

"हो ना! लग्नाआधी केलंय तिनं हे. आख्ख्या धारवाडात असा हात नाही. तुम्ही आमची गौरव्वा अज्जी बघितली नाहीये."

"नाही बघितली," रुद्रव्वा म्हणाली. चोपन्न वर्षांत बघितली नव्हती, हे खरंच होतं. "ठेव. रविवारी सकाळी मीच आणून देते."

मुलगी गेल्यावर रुद्रव्वानं दुकानाचं दार लोटून घेतलं आणि साडी मांडीवर घेतली. एका हत्तीच्या सोंडेवरून बोट फिरवलं. बोटाला सगळं आठवत होतं.

ती साडी तिच्या आईची. आई गेली आणि पोरकी रुद्री अमिनभावीला मोठ्या काकांच्या घरी राहायला आली, तेव्हा पेटीत एवढंच होतं. पंधराव्या वर्षी तिनं त्या साडीवर कशिदा घालायला घेतला. कापडाचे धागे मोजायचे, जाताना घरं सोडत जायचं, परतताना तीच भरत यायचं. गाठ कुठंच मारायची नाही. उलटी बाजू आणि सुलटी बाजू सारखीच दिसली पाहिजे. पोरीचं मन तिच्या कशिद्याच्या पाठीवरून कळतं, असं गावातल्या म्हाताऱ्या म्हणत. म्हणून मुलगी बघायला आलेली सासू मुलीचं तोंड नंतर बघायची, आधी तिनं भरलेला पदर उलटा करायची.

तीन वर्षं लागली. साडी पुरी झाली त्याच पंधरवड्यात धारवाडचे एक मास्तर रुद्रीला बघायला येणार असं ठरलं. आले तेव्हा काकूनं रुद्रीला मागं चुलीशी बसवलं आणि काकांच्या गौरीला पुढं नेलं. गौरी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी; साधं बटण लावायचं तर बोट टोचून घेणारी. दाराच्या फटीतून रुद्रीनं बघितलं. तिची साडी गौरीच्या मांडीवर होती. मास्तरांच्या आईनं पदर उलटा केला, चष्मा वर सरकवला, परत सुलटा केला आणि म्हणाली, "पोरगी सरळ आहे. आम्हाला पसंत."

गौरी खाली मान घालून बसली होती.

"खाल्ल्या अन्नाला जाग," काकू त्या दिवशी रुद्रीला म्हणाली होती. रुद्री जागली. सरकी काढायच्या गिरणीतल्या एका बिजवराशी तिचं लग्न झालं, तो दहा वर्षांत गेला, मग हे मशीन आलं. अधूनमधून कोणीतरी सांगायचं की गौरव्वानं नणंदेच्या लग्नात साडी भरून दिली, पुतणीला भरून दिली. रुद्रव्वा मनात हसायची. कुठून विकत आणते कोण जाणे! चोर तो चोर, वर शिरजोर.

आता ती साडी आपल्या पायांनी तिच्या दारात आली होती.

दहा पाकिटं तिनं मन लावून शिवली. जुनं कापड ताण धरत नाही, म्हणून प्रत्येक तुकड्याला मागून पातळ कापड जोडलं. चेन मध्ये घेतली, एका अंगाला हत्ती, दुसऱ्या अंगाला हिरवं अस्तर, तिन्ही थर एकाच शिलाईत. मग दुसरी बाजू. अस्तराला तळाशी चार बोटं जागा सोडायची, त्यातून सगळं पाकीट ओढून सुलटं करायचं आणि ती फट हातानं बंद करायची. चेन अर्धी उघडी ठेवायला विसरलं तर पाकीट सुलटंच होत नाही. नव्या शिकणाऱ्या मुली हमखास तिथंच चुकतात. रुद्रव्वा चुकली नाही.

अकरावा तुकडा मात्र तिनं बाजूला ठेवला. सुईच्या टोकानं हत्तीवरच्या अंबारीचा एकेक टाका उचलला आणि ती उसवत गेली. जी अंबारी घालायला अठराव्या वर्षी चार दिवस लागले होते, ती पाऊण तासात निघाली. तिला बऱ्याच वर्षांत आलं नव्हतं तसं बरं वाटलं.

ज्या हातानं कशिदा सुरू केला त्याच हातानं तो पुरा करायचा. दुसऱ्या हातानं पुरा केलेलं वस्त्र घरात ठेवायचं नाही, हे तिकडच्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं.

रविवारी गौरव्वाच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. माजघरात खुर्चीवर नवी इलकल नेसून गौरव्वा बसली होती. वाळली होती. मोतीबिंदू काढलेले डोळे मोठाल्या काचांमागून बघत होते. भोवती लेकी, सुना, नणंदा. अक्षतानं दहा पाकिटं ताटात मांडली आणि बायका तुटून पडल्या.

"एक राहिलं," रुद्रव्वा मोठ्यानं म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा. "हा हत्ती अपुरा आहे. अंबारीच नाही. मी हात लावला तर अपशकुन. जिनं सुरू केलं तिनंच पुरं करावं. सुई ओवून आणलीय."

गौरव्वानं वर बघितलं. बघतच राहिली.

"रुद्री?"

"ओळखलंस की अक्का."

"अय्या, तुम्ही ओळखता?" अक्षता म्हणाली. "मग बोलला का नाहीत? अज्जी, घाल की! आम्हाला बघायचंय. किती वर्षांत सुई धरली नाहीस."

"डोळे कुठं राहिलेत आता," एक सून म्हणाली.

"हाताला असतात डोळे," रुद्रव्वा म्हणाली. "ज्याचा हात आहे त्याच्या."

बायका हसल्या. रुद्रव्वा हसली नाही. ती वाट बघत होती. आता ही म्हणेल डोकं दुखतं. नाहीतर गाठ मारेल. मग तो तुकडा उचलून सगळ्यांसमोर उलटा करायचा. चोपन्न वर्षं ती त्या एका क्षणाकडं बघत आली होती.

गौरव्वानं तुकडा हातात घेतला. अंबारीच्या जागी कापड विटलं नव्हतं. इतकी वर्षं धाग्याखाली झाकलेलं राहून काळंभोर राहिलं होतं. त्या काळ्या रेघांवरून तिनं अंगठा फिरवला. मग सुई घेतली.

गाठ न मारता तिनं धागा आत घेतला. ओठ हलत होते. दोन, चार, दोन. घरं सोडत सुई वर गेली, कळसाशी वळली, भरत खाली आली. बाहेरच्या मांडवात कोणी तरी पत्रावळी मोजत होतं, तेवढाच आवाज. अर्ध्या तासात अंबारी उभी राहिली. गौरव्वानं टोक आत मुरवलं, धागा तोडला आणि तुकडा रुद्रव्वापुढं धरला.

"उलटा करून बघ."

रुद्रव्वानं उलटा केला. बघितलं. परत सुलटा केला.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या गडबडीत गौरव्वा हळूच म्हणाली, "उसवलंस ना? ताजं आहे."

"उसवलं. माझंच होतं."

"तुझंच होतं. सासूनं पहिल्याच श्रावणात दोन साड्या पुढ्यात टाकल्या, नणंदेसाठी. म्हणाली, हात दिसू दे. माळ्यावर जाऊन रडायचे आणि तुझी साडी उलटीपालटी करून धागे मोजायचे. तीच माझी मास्तरीण. बोटांना घट्टे पडले, पण घरात कोणाला कळू दिलं नाही."

"रडलीस तर रडलीस," रुद्रव्वा म्हणाली. "मला काय सांगतेस? माझ्या मांडीवरून उचललंस त्याचं काय? ह्यांना सांग."

"सांगू?"

"सांग. मरायच्या आधी एकदा तरी सांग."

गौरव्वानं चष्मा काढला. डोळे पुसले. मग खुर्चीच्या दांड्यावर हात आपटून म्हणाली, "ऐका गं सगळ्याजणी. हे काम माझं नाही. ही साडी ह्या रुद्रीनं भरलेली. मास्तरांकडचे बघायला आले तेव्हा अव्वानं, माझ्या आईनं, हिचीच साडी माझ्या मांडीवर ठेवली. पसंत हिला केलं होतं, आले मी."

बायका एकमेकींकडं बघू लागल्या.

मग अक्षता खळखळून हसली. "अज्जी! आत्ता आमच्या डोळ्यांसमोर घातलीस की अंबारी! शिवणाऱ्या बाईंचा मान ठेवायला काय काय बोलशील गं?"

"हिचं असंच," नणंद डोळ्याला पदर लावत म्हणाली. "माझ्या लग्नातली साडी भरली तेव्हासुद्धा म्हणायची, मला कुठं येतंय. एवढी मोठी कलावंत, पण मी म्हणून म्हणायची नाही."

"अगं, खरंच सांगतेय मी..." गौरव्वा म्हणाली.

"हो हो, खरंच," म्हणत सुनांनी तिला औक्षणाला उठवलं.

गौरव्वानं वळून बघितलं. रुद्रव्वानं नजर दिली नाही. आत जाऊन, हळद-कुंकवाच्या ताटांशेजारी भिंतीला टेकून तिनं अकराव्या पाकिटाला सोबत आणलेली चेन हातशिलाईनं लावली, अस्तर जोडलं, सुलटं केलं, तळाची फट बारीक टाक्यांनी मिटवली. अर्धवट टाकून जाणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

जेवायला थांबा म्हणून सगळ्यांनी आग्रह केला. ती थांबली नाही. दारापर्यंत अक्षता धावत आली आणि तेच पाकीट तिच्या हातावर ठेवलं.

"अज्जी म्हणाली, हे तुम्हालाच द्यायचं. तिच्या हातचं आहे, जपून ठेवा हं."

"जपते," रुद्रव्वा म्हणाली.

बाहेर ओट्यावर शंभरेक चपला पडल्या होत्या. त्यांत स्वतःच्या शोधायला तिला बराच वेळ लागला.