आईने तोललेला शब्द

आमच्या चर्चच्या मंडळीत मी कीबोर्ड वाजवतो. आधी जत्रांमधून लाकडी पट्ट्यांचा मरिंबा वाजवायचो आणि ढोसायचो. सकाळी कुठल्या गटाराकाठी जाग येईल याचा भरवसा नसायचा. प्रभूने तिथून उचललं आणि पाळक आब्दियास यांनी कीबोर्डसमोर आणून बसवलं. गाणी वाजवणं हा या कामातला सोपा भाग. खरं काम उपदेशाच्या वेळचं. वर कोणी बोलत असताना खाली बारीक सूर धरून ठेवायचे. आवाज चढला की आपणही चढायचं, रडवेला झाला की उतरायचं. वाजवणारा आहे हे कोणाच्या ध्यानात येता कामा नये. माझ्या बोटांना हे छान जमतं, आणि ही बढाई नाही. पुढे जे झालं ते कळायला एवढं ठाऊक असलेलं बरं.

कीबोर्ड येण्याआधी आमच्याकडे एक पद्धत होती. मातेओ नावाच्या गवंड्याने पत्र्याच्या शेडमध्ये ही मंडळी सुरू केली होती. उपासनेत कोणी उठून ‘प्रभू असं म्हणतो’ असा संदेश दिला की मातेओ हात वर करून म्हणायचा, “तोला.” मग सगळे गप्प. तान्हं मूल रडलं तर रडू द्यायचं, पण मोठ्या माणसाने तोंड उघडायचं नाही. बऱ्याच वेळाने जुनीजाणती माणसं बोलायची: हा शब्द ठेवू, किंवा हा सोडू. एक बोलतो, बाकीच्यांनी पारख करायची, अशी बायबलात पौलाचीच शिकवण आहे, असं मातेओ सांगायचा.

त्या जुन्याजाणत्यांत माझी आई होती, फेलिपा. दरवेळी तिचा एकच प्रश्न असायचा: “हे ऐकून दुबळ्याच्या पाठीवरचं ओझं उतरलं की चढलं?” पुढे मातेओ वारला, लाउडस्पीकर आले, मी आलो. आता संदेश संपतो न संपतो तोच माझे सूर भरून येतात आणि लोक टाळ्या वाजवायला लागतात. तोलायला शांतताच उरली नाही.

यंदा गाजरं निघाली तेव्हा पाळकांनी राजधानीहून, लोक ज्याला प्रेषित म्हणतात अशा एका उपदेशकाला आठवडाभराच्या सभांसाठी बोलावलं. विल्मर त्याचं नाव. प्रेषित म्हटल्यावर मला वाटलं होतं, कोणी पोक्त माणूस असेल. बसमधून उतरला तो तिशीतला, हडकुळा, अंगापेक्षा कोट मोठा. पाळकांची बेकरी आहे. तिथे पिठाच्या पोत्यांशेजारी त्याने आनंदाने पथारी टाकली. जे पुढ्यात येईल ते खायचा आणि गुडघ्यांवर तासन्‌तास प्रार्थना करायचा. माणूस लबाड असता तर माझा जीव एवढा टांगणीला लागला नसता. लबाडाला हाकलता येतं. हा पोरगा स्वतः बोलत होता त्यातल्या शब्दन्‌शब्दावर विश्वास ठेवत होता.

“आजार हे खोटं आहे!” पहिल्याच सभेत तो म्हणाला. “सैतान कानात कुजबुजतो आणि तुम्ही तोंडाने ते खरं करता. आधी ‘मी बरा झालो’ अशी साक्ष द्या, बरं वाटण्याची वाट बघू नका! आणि एकदा साक्ष दिल्यावर औषधाला हात लावलात तर तुम्ही देवाला खोटं पाडलंत.”

मग त्याचा आवाज खाली आला. “माझी आई अंथरुणाला खिळली होती. मी तिला म्हणालो, आई, एकदा बोल की मी बरी झाले. ती बोलली नाही. म्हणाली, दुखतंय रे. तेवढ्या एका शंकेपायी ती गेली, बंधूंनो. एवढ्याशा अविश्वासापायी!” बोलता बोलता त्याचा आवाज रडवेला झाला. माझी बोटं आपोआप खालच्या सुरांवर गेली. सगळी शेड रडली. मीही रडलो, कशाला खोटं बोलू?

आणि पुढच्या बाकावरून माझी आई उठली.

“मला साखरेचा आजार होता,” ती म्हणाली. “होता! आता नाही.”

“आमेन!” पत्रे दणाणले. मी मोठे सूर वाजवले, कारण अशा वेळी तेच वाजवतात.

आमच्याकडे दिलेली साक्ष कोणी परत घेत नाही. दारू सोडली असं एकदा सगळ्यांसमोर सांगितलं, की भाजीवालीपासून बसवाल्यापर्यंत सगळा गाव तुमच्यावर डोळा ठेवून असतो. माझी बाटली त्याच धाकाने सुटली. त्यामुळे या रीतीला मी नावं ठेवू शकत नाही. पण रक्तातली साखर काही गावाला लाजत नाही.

आमच्या घरी फ्रीज नाही. आईचं इन्सुलिन कोपऱ्यावरच्या चायोच्या दुकानात, सोड्याच्या बाटल्यांमागे असायचं. चायो कॅथलिक, मिरवणुकीत संतांची पालखी उचलणारी. आई आणि ती लहानपणापासूनच्या मैत्रिणी आणि तेव्हापासूनच्या भांडखोर. दुसऱ्या दिवशी सकाळी आई तिच्या दारात उभी राहिली. मी मागे होतो.

“चायो, माझ्या त्या बाटल्या टाकून दे.”

“इन्सुलिनच्या? का गं, नासल्या?”

“प्रभूने मला बरं केलंय.”

“काल तर इथेच टोचून घेतलंस. एका रात्रीत काय झालं?”

“मी साक्ष दिली.”

“साक्ष द्यायला हे काय कोर्ट आहे? दवाखान्यात दाखवलंस का?”

“तुला नाही कळायचं. तू त्या लाकडाच्या बाहुल्या खांद्यावर मिरव.”

“मिरवते ना! माझ्या बाहुल्या बिचाऱ्या बोलत नाहीत. औषध फेकून दे असं तरी सांगत नाहीत.”

आई तणतणत निघाली. चायोने माझ्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली.

आठवडा सरत गेला तशी आई सुकत गेली. पाण्याचा माठ तिच्या उशाशी आला. एरवी भल्या पहाटे टाकीवर धुणं बडवणारी बाई, आता दोन कपडे पिळले की कट्ट्यावर टेकायची. डोळ्यांपुढे धुकं येतं म्हणून तिने विणकाम बाजूला ठेवलं. कोणी विचारलं की म्हणायची, “मी बरी आहे, प्रभूची स्तुती असो.” हे म्हणताना तिची जीभ टाळूला चिकटायची.

“आई, सुई घे गं,” मी हात जोडले. “तुझ्या पाया पडतो.”

“आणि सगळ्यांसमोर बोलले त्याचं काय? तू साक्ष दिलीस तेव्हा मी तुला म्हटलं होतं का, जा, एक घोट घे?”

“दारू वेगळी, हे वेगळं.”

“देव तोच आहे ना?”

या बाईशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही. तरी मी म्हणालो, “मातेओ असता तर आधी ‘तोला’ म्हणाला असता. विल्मरचा शब्द तोलला कोणी?”

तिने फक्त माठाकडे हात केला. मी पाणी दिलं.

मी बेकरीत पाळकांकडे गेलो. ते पाव वळत होते.

“तुम्ही तिला सांगा. तुमचं ती ऐकेल.”

पाळकांचे हात कणकेत थांबले. “एलिसेओ, खरं सांगू? मला वाटतं फेलिपाने आजच्या आज सुई घ्यावी. पण मला असं वाटणं हाच माझा अविश्वास असला तर? माझ्या शंकेमुळेच तिला काही झालं तर?”

बावीस खेड्यांत ज्याच्या शब्दाला मान, तो माणूस लहान मुलासारखा घाबरला होता. त्या शिकवणीत कुठूनही शिरा, शेवटी दोष आपल्याच पदरात येत होता. आजाऱ्याच्या, नाहीतर आजाऱ्याला पाणी देणाऱ्याच्या. बोलणारा तेवढा सुटायचा. निदान तेव्हा मला तसं वाटलं होतं.

रविवारी सकाळी शेवटची सभा होती. शेड खच्चून भरली होती, माणसं दारात उभी होती. विल्मरने आईला पुढे बोलावलं. “या, भगिनी फेलिपा! प्रभूने काय केलं ते पुन्हा एकदा सांगा!”

ती बाकांना धरत धरत पुढे गेली. ओठांवर पांढरी साल धरली होती. विल्मरने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून बोटं हलवली. म्हणजे चढव. मी चढवायला लागलो. लोक डोलू लागले, कोणी आत्म्याने भरून अनोळखी भाषांत बोलू लागलं. मला दिसलं, माझ्या सुरांच्या आधाराने माझी आई तोंड उघडत होती. आता ती पुन्हा एकदा बोलणार, आणि मग तिला मरेपर्यंत मागे फिरता येणार नव्हतं.

मी कीबोर्डवरून हात उचलले.

विल्मरने पुन्हा खूण केली. मी हात मांडीवर ठेवले. बोटं मुठीत दाबून धरली. डोलणारे थांबले. बाहेरून गाजरांचा ट्रक गेला, त्याचा आवाज शेवटपर्यंत ऐकू आला. एक पोर किरकिरलं, त्याला कोणी गप्प केलं नाही.

“तोला,” पाळक आब्दियास म्हणाले. आवाज फुटका होता, पण हात मातेओसारखा वर गेला होता.

जुन्या माणसांनी माना खाली घातल्या. नव्यांना काही कळेना, पण तेही गप्प राहिले. विल्मर मंचावर एकटाच उभा असल्यासारखा दिसत होता. बराच वेळ गेल्यावर आई बोलली, पण आमच्याशी नाही.

“पोरा, तुझ्या आईचं नाव काय होतं?”

विल्मर गोंधळला. “एर्लिंदा.”

“पहिल्या दिवसापासून ती माझ्या डोक्यातून जात नाहीये. दुखतंय म्हणाली. आणखी काय म्हणाली?”

“भगिनी, ही वेळ...”

“सांग ना रे.”

तो माझ्याकडे बघत होता. सूर मागत होता. मी हललो नाही.

“पाणी मागितलं,” शेवटी तो म्हणाला.

“मग? दिलंस?”

तो अगदी हळू म्हणाला, “मी म्हणालो, आधी साक्ष दे, मग देतो. मी तिच्या भल्यासाठीच... तेवढ्यात ती...” आणि तो तिथेच, मंचाच्या पायरीवर बसला. तो मोठा कोट त्याच्या कानांपर्यंत वर आला.

सगळा आठवडा मी या पोराचा मनातून राग राग करत होतो.

आई खाली वाकू शकत नव्हती, म्हणून तिने नुसता त्याच्या केसांवर हात ठेवला. “तिचा विश्वास कमी नव्हता, बाळा. तिला तहान लागली होती.”

तो ढसाढसा रडला. सभांमध्ये रडायचा तसं नाही. नाक गळत होतं, आवाज वेडावाकडा येत होता.

मग आई आमच्याकडे वळली. “मी तोललं. ज्या शब्दाने पोराला मेलेल्या आईला दोष द्यावा लागतो, तो शब्द माझ्या प्रभूचा नाही. हा सोडू. आणि माझी साक्ष ऐका. मी बरी झालेले नाही. प्रभू चांगला आहे. दोन्ही खरं आहे.” ती थांबली, जीभ ओठांवरून फिरवली. “आणि आता मलाही तहान लागलीय.”

कोणीच आमेन म्हणालं नाही. म्हणायचं असतं का, हेच कोणाला कळत नव्हतं. उपदेशकासाठी मंचावर पाण्याचा ग्लास भरून ठेवलेला असतो, वर विणलेला रुमाल. विल्मर उठला, रुमाल काढला आणि दोन्ही हातांनी ग्लास आईच्या तोंडाला लावला. ती सगळं पाणी प्यायली.

“आमेन,” पाळक म्हणाले. मग एकेक करून सगळे.

मी आईला धरून चायोच्या दुकानात नेलं. चायोने सोड्याच्या बाटल्या बाजूला सारल्या आणि मागून इन्सुलिन काढून बर्फाच्या पिशवीत घातलं.

“टाकून दे म्हटलं होतं ना तुला?” आई म्हणाली.

“साक्ष तू दिली होतीस. मी कुठे दिली होती?” चायोने शाल खांद्यावर ओढली. “चल, आधी दवाखान्यात. नर्स बघेल आणि मगच टोचेल. आणि वाटेत उपदेश केलास तर तिथेच सोडून येईन.”

“तुझ्यावर कोण वाया घालवतंय उपदेश!”

दोघी एकमेकींना धरून निघाल्या. विल्मर आमच्या मागोमाग आला होता आणि दुकानाबाहेर उन्हात उभा होता. तो रिकामा ग्लास अजून त्याच्या हातातच होता. कुठे ठेवायचा ते त्याला सुचलं नव्हतं.

आईने मागे वळून बघितलं. “चायो, त्याचा ग्लास भरून दे गं. सकाळपासून नुसता ओरडतोय पोरगा.”

चायोने घड्यातलं थंड पाणी ओतलं. विल्मर ग्लासकडे बघत राहिला.

“पी,” आई म्हणाली. “आधी काही बोलायला लागत नाही.”