मोठ्यानं बोला, मी लिलाव आहे

मी लिलाव बोलतोय. मोठ्यानंच बोलणार हां, कुजबुजणं माझ्या रक्तातच नाही!

माझं मूळ अरबांकडचं म्हणतात. तिथं माझा अर्थ, चारचौघांत जाहीर सांगणं. पोर्तुगिजांनी मला उचललं आणि बोली लावून माल विकायच्या कामाला जुंपलं. त्यांच्या गलबतांतून मी गोव्याला उतरलो, तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं मालवणात आलो. उत्तरेत मला नीलाम म्हणतात, मलायात लेलांग. नावं काहीही ठेवा, आवाज तोच.

पण नशीब बघा! कर्ज थकलं म्हणून कचेरीच्या माणसानं घरावर माझं नाव चिकटवलं की बायामाणसं भांडीकुंडी आवरायला लागायची. फार वाईट वाटायचं मला. माझी खरी जागा मालवणची वाळू. रापणीचं भलंमोठं जाळं सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचं, मासळीवर उघड्यावर बोली लावायची आणि दोर ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा द्यायचा.

एकोणीसशे साठच्या सुमारास परशुराम शेट बर्फाचा ट्रक घेऊन आला. त्यानं नवंच काढलं. रापणीचा म्होरक्या गंगाराम याचा हात तो फडक्याखाली धरायचा आणि बोटं दाबून भाव ठरवायचा. कुणाला काही कळायचं नाही, वाटे मात्र आटत चालले. माझं तर कुणी नावही घेईना. संपलो, असंच वाटलं मला.

शेवंतीचा नवरा समुद्रात बुडालेला. दोर ओढून मिळणाऱ्या वाट्यावर तिची चूल पेटायची. एका सकाळी बांगड्यांचा हा एवढा ढीग पडला. शेटनं फडकं काढलं. शेवंती तरातरा पुढं आली आणि तिनं ते हिसकावून घेतलं.

"खुळावलंस काय गो?" शेट ओरडला.

"खुळी न्हय, उपाशी आसंय! गंगारामदादा, ह्या बांगड्यांत माझोय घाम आसा. लिलाव कर, सगळ्यांका आयकाक येवंदे!"

दोरावरची सगळीच उठली. "लिलाव! लिलाव!" अहाहा, काय तो आवाज!

गंगारामची मान खाली गेली. "चुकलंय गो," तो म्हणाला, "आता तूच पुकार."

तिनं पुकारलं. बाजारातले दुसरे व्यापारी धावत आले, बोली चढत गेली, शेवटी शेटलाही घसा फोडून ओरडावं लागलं. त्या दिवशी शेवंतीच्या पदरात भरला वाटा पडला.

त्या दिवसापासून रोज तीच पुकारू लागली, ते फडकं डोक्याला बांधून. घरांवर मला चिकटवू नका, बाबांनो. वाळूवर या. तिथं मी समुद्रातल्या किल्ल्यापर्यंत ऐकू जातो.

काय रे अरबांनो, येतंय ना ऐकू?