मागे मागे जाणारी पट्टी

“म्हणजे पट्टी तुम्ही हलवलीत?” गुरुनाथ फोनवर जवळजवळ किंचाळला.

“तीनदा!” पलीकडून टेकोआ म्हणाला, शाबासकी मागितल्यासारखा. “बुडायला लागली होती बिचारी. मागे, उंचावर रोवली. तुझं माप चुकायला नको.”

गुरुनाथने फोन ठेवला.

टेकोआ पॅसिफिकमधल्या एका बेटावरचा म्हातारा. बेट एवढंसं, की नकाशावर माशी बसली तर ती उडेपर्यंत देश गायब. भरतीचं पाणी किनाऱ्यावर रोवलेल्या मोजपट्टीवर कुठवर चढलं, ते तो रोज टिपून पाठवायचा. गुरुनाथ नागपूरचा. जन्मात समुद्र दोनदा पाहिलेला, त्यातही एकदा पाठमोरा, फोटोसाठी. तरी पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत, स्टेट कॉलेज नावाच्या गावात बसून समुद्रावर सहा वर्षं पीएचडी करत होता. २००६चा एप्रिल उजाडला आणि प्रबंध तयार झाला. निष्कर्ष असा, की या बेटापाशी पाणी चढत नाही. चढेल कसं? पाणी पाऊलभर पुढे आलं, की पट्टी दोन पावलं मागे!

“कोणाला कळणारे यार?” रूममेट शंतनू म्हणाला. “शुक्रवारी परीक्षकांपुढे डिफेन्स दे अन् सूट.”

“अरे, बेटावरचे लोक बंधाऱ्यासाठी मदत मागतायत. माझा आकडा पुढे करून मदत देणारे नाही म्हणतील.”

“आणि खरं सांगितलंस तर तीन वर्षांचा डेटा कचऱ्यात. फंडिंग मेमध्ये संपतंय. फंडिंग नाही तर व्हिसा नाही. आईंना काय सांगशील, एका म्हाताऱ्यानं पट्टी हलवली म्हणून पदवी बुडाली?”

जावं तर रिकाम्या हातानं, राहावं तर खोट्या आकड्यावर. कॉलिंग कार्डावर चार मिनिटं उरली होती. गुरुनाथने पुन्हा नंबर फिरवला. इंग्रजीत बोलतानाही तो टेकोआला काकाच म्हणायचा.

“काका, पट्टी पहिल्या जागी लावता येईल का?”

“तिथे? तिथे आता होडीनं जावं लागतं, बाळा.”

“बरं, मग आणखी मागे तरी नेऊ नका.”

टेकोआ खो खो हसला. “नेऊ कुठे? आता ती माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकलीये. भिंतीपलीकडे दुसऱ्या बाजूचा समुद्र.”

कार्ड संपलं.

गुरुनाथने प्राध्यापकांना दोन ओळींची मेल केली: पट्टी हलली आहे, शुक्रवारचा डिफेन्स कॅन्सल करावा. मग आकड्यांचा तक्ता उघडून तो एकेक दिवस पुसत बसला. तीन वर्षं पुसून झाली, तेव्हा पडद्यावर नुसता पांढरा रकाना उरला होता. वर बेटाचं नाव होतं. ते त्याने तसंच ठेवलं.