ग्रीन लेन्सच्या पुढचा रस्ता

मित्रांनो, लंडनपासून तासाभरावरच्या मिल्टन कीन्स गावात एका घरासमोरच्या विटांच्या अंगणात एक काळी टॅक्सी उभी आहे. डोक्यावरचा नारिंगी दिवा विझलेला, मागची परवान्याची पाटी काढलेली, चाकांना शेवाळ. ती मी. शेजारच्या मांजराने माझ्या टपावर कायमचा मुक्काम ठोकला आहे आणि त्याला हाकलण्याइतकाही वचक माझा आता उरलेला नाही. मी लंडनची एक जुनी टॅक्सी आहे आणि माझी गोष्ट अर्धी माझी, अर्धी जयंतरावांची आहे. त्यांना ती आता सलग सांगता येत नाही, म्हणून मीच सांगते.

माझा जन्म कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात झाला. दिसायला मी पहिल्यापासून बुटकी आणि गोलमटोल, पण वळण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. अरुंद गल्लीत मोठमोठ्या आलिशान गाड्या मागेपुढे करत घाम गाळत असायच्या, तेवढ्यात मी एका फेरीत वळून निघूनही जायचे. थोडा गर्व होता मला त्याचा, आजही आहे. कारखान्यातून मला घ्यायला जयंतराव आले, तेव्हा त्यांनी आधी बूट झटकले आणि मग आत पाय ठेवला. माणूस चांगला मिळाला, हे मला तिथेच कळलं.

तुम्हाला एक गंमत सांगते. लंडनच्या काळ्या टॅक्सीचा बिल्ला मिळवायला एक परीक्षा द्यावी लागते. तिला सगळे नुसतं 'नॉलेज' म्हणतात. शहरातले हजारो रस्ते तोंडपाठ करायचे. कुठून कुठे जायचं ते विचारलं की वाटेतला एकेक रस्ता, एकेक वळण धडाधड म्हणून दाखवायचं. म्हणजे आपले पाढेच की! जयंतराव तरुणपणी थंडीत मोपेडवर फिरून रस्ते पाहायचे आणि रात्रीच्या जेवणाआधी बायकोला, नीनाला, म्हणून दाखवायचे. चुकले की ती पोळी लाटता लाटता "परत पहिल्यापासून" म्हणायची. पुढे लेक सीमा मोठी झाली, तिलाही टॅक्सीचाच नाद लागला, आणि त्याच टेबलावर बापाने तिच्याकडून सगळं पाठ करून घेतलं. स्वयंपाकघराची खिडकी उघडी असायची. ऐकून ऐकून पहिला धडा मलाही येऊ लागला: मॅनर हाउस स्टेशनपासून निघायचं, ग्रीन लेन्स, ब्राउन्सवुड रोड, ब्लॅकस्टॉक रोड, हायबरी पार्क, हायबरी ग्रोव्ह.

नीना गेली, आणि जयंतराव महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांना लंडन दाखवू लागले. दिवसभराची खाजगी टूर, मराठीतून. त्या दिवसांत आमचा काय थाट होता! टॉवर ब्रिजवर ते मला मुद्दाम हळू चालवायचे. राजवाड्यासमोर कोणता झेंडा कधी फडकतो ते सांगायचे. घड्याळाच्या मनोऱ्यापाशी म्हणायचे, "बिग बेन हे आतल्या घंटेचं नाव. राबते ती घंटा, दिसतं ते घड्याळ, आणि फोटो काढणारा खूष." पाहुणे पोट धरून हसायचे, उतरताना माझ्याही दारावर थाप मारायचे. माझ्या सीटांच्या फटीत चिवड्याचे शेंगदाणे सापडायचे आणि ते काढताना जयंतराव गुणगुणायचे.

मग हळूहळू काहीतरी बिनसलं. मिल्टन कीन्समध्ये गोल चक्करांना तोटा नाही. एका सकाळी घराजवळच्याच चक्करला आम्ही फिरत राहिलो, फिरतच राहिलो. कुठून बाहेर पडायचं ते त्यांना आठवेना. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. शेवटी ते कसेबसे बाहेर पडले, कडेला थांबले आणि मोठ्याने हसले. त्या हसण्याची मला भीती वाटली. सीमाने डॉक्टरांची वेळ घेऊन दिली होती. त्या दिवशी ते मला घेऊन निघाले आणि नदीकाठी नुसते बसून राहिले. घरी येऊन सीमाला म्हणाले, "सगळं ठीक आहे म्हणाले डॉक्टर." मित्रांनो, मी ऐकत होते. पण मला तोंड नाही. हॉर्न आहे, तोही दुसऱ्या कोणी दाबल्याशिवाय वाजत नाही. काय करणार होते मी?

आता त्या दिवसाकडे येते. ऑक्टोबर संपत आला होता. वॉटर्लू स्टेशनवर एक वयस्क जोडपं आमची वाट पाहत उभं होतं. काशीनाथ नागपूरचे, रेल्वेतून निवृत्त झालेले, हातात काठी. त्यांच्या पत्नी चंदाबाई जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवत आलेल्या, पांढरी साडी, वर मुलाचा भलामोठा कोट. मुलगा धम्मदीप साउथॅम्प्टनला डॉक्टर. त्याला ड्यूटी होती, म्हणून त्याने आईवडिलांसाठी ही टूर ठरवली होती. दुसऱ्या दिवशी त्यांचं परतीचं विमान होतं.

"जय भीम, भाऊ," बसता बसता चंदाबाई म्हणाल्या. "राजवाडा नाही दाखवला तरी चालेल. बाबासाहेबांचं घर मात्र चुकवू नका. दीक्षाभूमीवर मी वडिलांच्या खांद्यावर बसून होते. ते म्हणायचे, विलायतेतलं ते घर एकदा पाहीन. राहून गेलं त्यांचं."

"ताई, तिथे मी किती जणांना नेलंय! डोळे मिटून नेतो," जयंतराव म्हणाले.

सकाळ छान गेली. सेंट पॉल्सचा घुमट झाला, टॉवर झाला, राजवाडाही झाला. काशीनाथना फार चालवत नव्हतं, म्हणून जयंतराव मला अगदी दारापर्यंत न्यायचे. दुपार कलली तसे आम्ही त्या घराकडे निघालो, आणि वेस्टमिन्स्टरपाशी माझ्या स्टीअरिंगच्या चाकावरचा त्यांचा हात ओला झाला. एक पूल ओलांडला. दुसऱ्या पुलाने परत आलो. समोर तेच घड्याळ. पुन्हा पूल, पुन्हा घड्याळ.

"जयंतभाऊ, ह्या घड्याळाशी तुमची काही सोयरीक आहे का?" चंदाबाई हसून म्हणाल्या. "सारखं भेटून राहिलं."

"अगं, टूरमध्येच असेल तसं," काशीनाथ हळूच म्हणाले. "चूप बस, त्यांना वाईट वाटेल."

"डायव्हर्जन आहे, ताई," जयंतराव म्हणाले.

डायव्हर्जन नव्हतं. मला माहीत होतं, आणि मला वाटतं चंदाबाईंनाही एव्हाना कळलं होतं. पण भल्या माणसाला तोंडावर कसं बोलायचं, म्हणून सगळे गप्प बसले, आणि मी तर गप्पच. जयंतराव ओठ हलवत रस्त्यांची नावं शोधत होते, नजर पाट्यांवर भिरभिरत होती. समोर पांढऱ्या पट्ट्यांवरून एक बाई बाबागाडी ढकलत निघाली होती. त्यांना ती दिसलीच नाही. मित्रांनो, मी तेव्हा मनात केवढ्याने ओरडले! मी स्वतःचा ब्रेक दाबू शकत नाही. शेवटच्या क्षणी त्यांचा पाय पडला, आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून मी रस्त्याला घट्ट धरून राहिले. बाबागाडीच्या अगदी पुढ्यात मी थांबले. बाळ रडायला लागलं. ती बाई काहीतरी ओरडली आणि बाळाला छातीशी धरून निघून गेली.

जयंतरावांनी मला एका बाजूच्या रस्त्यावर घेतलं, इंजिन बंद केलं आणि चाकावर कपाळ टेकलं.

चंदाबाईंनी पुढच्या आणि मागच्या सीटमधली काच सरकवली. "भाऊ, काय होतंय?"

"मला रस्ता सापडत नाही, ताई." आवाज त्यांचा वाटतच नव्हता. "उभा जन्म ह्याच रस्त्यांवर गेला माझा. आणि आता डावीकडे जायचं की उजवीकडे, कळत नाही. डोक्यात नुसतं पांढरं होतं."

दुसरं कोणी असतं तर 'होतं असं वयात' म्हणून पाठीवर हात फिरवला असता. चंदाबाई बाई होत्या, शाळेतल्या. त्यांनी विचारलं, "हे रस्ते तुम्ही शिकलात कसे?"

"तोंडपाठ. नीना म्हणून घ्यायची."

"मग म्हणा. परत पहिल्यापासून."

ते शब्द ऐकले आणि जयंतरावांनी मान वर केली. "मॅनर हाउस स्टेशन," ते पुटपुटले. "ग्रीन लेन्स. उजवीकडे ब्राउन्सवुड रोड. डावीकडे ब्लॅकस्टॉक रोड..." आवाज चढत गेला. पहिला धडा संपला, दुसरा आला, आणि मग अचानक, "व्हाइटहॉल, ट्रॅफल्गर स्क्वेअर, रीजंट स्ट्रीट, पोर्टलंड प्लेस, ऑल्बनी स्ट्रीट, प्रिन्स ऑल्बर्ट रोड, रीजंट्स पार्क रोड, प्रिमरोज हिल रोड, उजवीकडे किंग हेन्रीज रोड! ताई, बाबासाहेबांचं घर! आठवलं!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात किल्लीकडे गेला होता.

"चला मग, चला," काशीनाथ म्हणाले. "स्मारक बंद व्हायच्या आत पोचू."

खरं सांगते, मलाही वाटलं निघावं.

"नाही," चंदाबाई म्हणाल्या. "पाढे पाठ असलेली पोरं मी खूप पाहिली, भाऊ. पाढा येतो म्हणून गणित सुटतंच असं नाही. ते बाळ आत्ता आपल्या चाकाखाली आलं असतं."

"ताई, पाया पडतो. सीमाला कळलं तर ती किल्ली काढून घेईल. नीना गेल्यावर माझ्याकडे एवढंच उरलंय. लोकांना हे शहर दाखवतो, तोवर मी कोणीतरी आहे. मला घरी बसवू नका हो."

बाहेर उजेड उतरत होता. मी आरशातून चंदाबाईंकडे पाहत होते. दुसऱ्या दिवशी विमान होतं, वडिलांचं राहून गेलेलं घर अजून कुठेतरी पुढे होतं, आणि तिथे नेऊ शकणारा एकमेव माणूस समोर हात जोडून बसला होता. चंदाबाईंनी काचेतून हात पुढे केला आणि तो तसाच धरून ठेवला.

जयंतरावांनी किल्ली त्या हातावर ठेवली, आणि मग ते लहान मुलासारखे रडले. समोरच्या खणात त्यांचा फोन थरथरत होता, 'सीमा' असं नाव उजळत होतं. तो चंदाबाईंनी घेतला.

सीमा शहरातच होती. आपली विजेवर चालणारी टॅक्सी जवळ उभी करून ती पळत आली. एरवी मला तिच्या त्या आवाज न करणाऱ्या गाडीचा थोडा राग होता, त्या दिवशी तो कुठल्या कुठे गेला.

"बाबा, मी केव्हाची फोन केली तुम्हाला!" तिचं मराठी असंच, इंग्लंडमध्ये वाढलेलं. मग ती त्यांच्या गुडघ्याशी बसली. "I knew, बाबा. मला माहीत होतं. ते राउंडअबाउटचं शेजाऱ्यांनी सांगितलं मला. पण मी बोललेच नाही. मला वाटलं, मी बोलले तर ते खरं होईल."

चंदाबाई म्हणाल्या, "पोरी, आम्हाला स्टेशनवर सोड. आता काय, बंद झालं असेल ते."

"बंद असेल, आंटी. पण दार तर तिथेच आहे ना?" सीमाने डोळे पुसले. "बाबा, मागे बसा. You call it, मी चालवते."

मित्रांनो, जयंतराव माझ्या मागच्या सीटवर त्या दिवशी पहिल्यांदा बसले. ते एकेक रस्ता म्हणत होते आणि सीमा तसतसं वळत होती. एकही वळण चुकलं नाही. किंग हेन्रीज रोडवर पोचलो तेव्हा दार बंद होतं. चंदाबाईंनी ओल्या फुटपाथवर बूट काढले, मोज्यांनिशी दारापाशी गेल्या, भिंतीवरची निळी पाटी वाचली आणि हात जोडून उभ्या राहिल्या. काशीनाथ काठी टेकत त्यांच्या शेजारी. मग त्या वळून म्हणाल्या, "जयंतभाऊ, सांगा ना. तुमची टूर आहे." आणि जयंतरावांनी सांगितलं, पोटाला चिमटा घेऊन इथे शिकलेल्या त्या विद्यार्थ्याबद्दल, अगदी पूर्वीच्या थाटात. ती त्यांची शेवटची टूर. माझीही.

डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. परवाना परत गेला, आणि माझंही रस्त्यावरचं वय भरत आलंच होतं. सीमाने मला भंगारात दिलं नाही, हे तिचे उपकार. रोज सकाळी जयंतराव चप्पल झटकून माझ्यात येऊन बसतात. किल्ली नसते. दोन्ही हात चाकावर ठेवून म्हणायला लागतात. आधी हायबरी ग्रोव्हपर्यंत यायचे, मग ब्लॅकस्टॉक रोडपर्यंत. अडले की सीमा चहाचा कप घेऊन बाहेर येते आणि पुढचं नाव हळूच सांगते, आणि गाडी थोडी पुढे जाते. पण सीमाला काम असतं. ती नसली की ते अडलेल्या जागीच बसून राहतात, आणि समोरून जाणारी मुलं एकमेकांना कोपर मारून हसतात.

त्या मुलांचा मला राग येत नाही, त्यांना कोणी सांगितलेलं नाही. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत कोणी म्हातारं माणूस बोलता बोलता मधेच थांबलं तर हसू नका. आणि वाईट वाटेल म्हणून गप्पही बसू नका. आम्ही सगळे तसेच गप्प बसलो होतो. जवळ जा आणि पुढचा शब्द सांगा. तुम्हाला तोंड आहे.

आज सकाळी सीमा कामावर गेली आहे. जयंतराव माझ्यात येऊन बसले आहेत. "मॅनर हाउस स्टेशन," ते म्हणाले, "ग्रीन लेन्स..." आणि थांबले. केव्हाचे थांबले आहेत. चाकावरचा हात हळूहळू ओला होतो आहे.

ब्राउन्सवुड रोड, जयंतराव. उजवीकडे ब्राउन्सवुड रोड.