आठ वेळा परत आलेला स्वेटर

मी एक जुनी निळी केबिन बॅग आहे. मला चार चाकं आहेत, त्यांतलं एक लंगडतं. ओढायचा दांडा अर्ध्यावर अडकतो. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना मालकाचे गोडवे गावेत, अशी आम्हा वस्तूंमध्ये रीत आहे. मला ते जमणार नाही. मला माझ्या मालकाची शिसारी येते, आणि ती का येते तेच मी सांगणार आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. मला शिवणाऱ्या बाईने शेवटी माझ्या पोटात हात घालून प्रत्येक शिवण चाचपून पाहिली, कुठे दोरा सुटलेला नाही ना म्हणून. मग मला विटांनी भरून सहा वेळा खाली आपटलं. मी फाटले नाही. अस्तराच्या आत मला चेन असलेला एक चोरकप्पा आहे. तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटे.

मला विकत घेणारा माणूस दवाखान्यांतली एक्स-रे यंत्रं दुरुस्त करायचा. कुठल्याशा गावात यंत्र बंद पडलं की त्याची कंपनी त्याला विमानाने पाठवी. माझ्यात दोन शर्ट, एक जाडजूड माहितीपुस्तक आणि त्याच्या आईने घडी घालून दिलेला टॉवेल असे. आम्ही पोचायचो तेव्हा बाकावर हात मोडलेली, पाय मुरगळलेली माणसं वाट पाहत बसलेली असत. यंत्राचा हिरवा दिवा लागला की त्यांचे चेहरे उजळत. मालक मला थोपटून म्हणे, "ही बॅग म्हणजे माझा उजवा हात आहे." मला धन्य वाटायचं. ती वर्षं मी कधीच विसरणार नाही.

मग एके दिवशी त्याला एअरलाइनकडून ईमेल आला: तीन महिन्यांत सहा वेळा उड्डाण करा, दुप्पट माइल्स मिळवा. मित्रांनो, विमानाने जितकं फिराल तितके गुण तुमच्या नावावर साठतात, त्यांना माइल्स म्हणतात. पुरेसे साठले की तिकीट फुकट. एअरलाइन मधूनमधून जास्तीच्या माइल्सचं आमिष दाखवते, त्याला बोनस म्हणतात. ह्यात वाईट काही नाही. एकदा विमानातल्या वरच्या कप्प्यात माझ्याशेजारी एक तपकिरी बॅग होती. तिची मालकीण परिचारिका होती. ती म्हणाली, "आमच्या बाई आधी नावनोंदणी करतात, बारीक अक्षरांतल्या अटी वाचतात, जायचं असेल तिथेच जातात, आणि एका तिकिटापुरते माइल्स झाले की लगेच लेकीला भेटून येतात. साठवलेल्या माइल्सची किंमत एअरलाइन कधी कमी करेल याचा नेम नसतो म्हणे." इतकं सोपं होतं ते. त्या तपकिरी बॅगेचा मला अजून हेवा वाटतो.

माझ्या मालकाला मात्र त्या माइल्सचं खूळच लागलं. हॉटेलात दर मुक्कामाला बोनस आहे म्हटल्यावर तो एक रात्र एका हॉटेलात आणि दुसरी रात्र समोरच्या हॉटेलात काढू लागला. रोज सकाळी मला खडखडत रस्ता ओलांडायला लागायचा. एका दुकानात शाम्पूवर माइल्स मिळतात कळल्यावर त्याने साठ बाटल्या आणल्या. मालकाच्या डोक्यावर एक केस नाही. त्याची बायको बाटल्यांकडे आणि मग त्याच्या टकलाकडे बघून म्हणाली, "आता हे काय फरशीला लावू?" आणि खरोखर सहा महिने त्या घरातली फरशी शाम्पूने पुसली गेली.

इथवर मीसुद्धा मनातल्या मनात हसत होते. पुढचं सांगताना हसू येत नाही.

मालकाची आई त्याच्याच घरी राहते. तिची थोरली बहीण, जिला ती अक्का म्हणते, समुद्रकाठच्या एका शहरात वृद्धाश्रमात राहते. दोघींची भेट होऊन अकरा वर्षं झाली होती. आईचे गुडघे गेलेले, बसचा दोन दिवसांचा प्रवास तिला झेपत नाही. आणि अक्काला अलीकडे थोडा थोडा विसर पडू लागला होता. चष्मा कुठे ठेवला, आज वार कोणता, इतपतच. पण आईने ओळखलं होतं. ती लेकाला म्हणाली, "ती मला ओळखतेय तोवर एकदा भेटव रे. नंतर भेटून काय करू?"

"अगं, माइल्सवर नेतो ना तुला," मालक म्हणाला. "पुढच्या मोठ्या सीटवर, मस्त पाय पसरून. राणीसारखी!"

आईने त्याच्यावर विश्वास ठेवला. दर रविवारी ती अक्काला फोनवर सांगायची, "येतेय हं मी. मुलगा आणणार आहे, पुढच्या सीटवर बसवून."

मित्रांनो, साध्या सीटची दोन तिकिटं निघतील इतके माइल्स त्याच्याकडे त्याच दिवशी होते. मी त्याचा फोन माझ्या बाहेरच्या कप्प्यात बाळगते, मला ठाऊक आहे. पण साध्या सीटवर माइल्स घालवणं म्हणजे वाया घालवणं, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आणखी थोडे साठू देत, पुढचा बोनस येऊ दे, असं करत त्याने वर्ष काढलं.

मग तिप्पट माइल्सचा बोनस आला: तीन महिन्यांत बारा फेऱ्या. कंपनीचं काम तेवढं नव्हतं. म्हणून तो सुट्टीच्या शनिवारी स्वतःच्या पैशाने उडू लागला. सगळ्यात स्वस्त तिकीट नेमकं अक्काच्या शहराचं होतं. सकाळी जायचं, विमानतळावर पन्नास मिनिटं बसायचं आणि त्याच विमानाने परत यायचं. रिकाम्या हाताने जाणाऱ्या माणसाकडे तपासणीवाले संशयाने बघतात, म्हणून तो मला बरोबर घ्यायचा, रिकामी. शिवणाऱ्या बाईने एवढ्या मायेने चाचपलेलं माझं पोट आता हवा वाहून नेत होतं. त्या विमानात बसायची मला लाज वाटायची.

तो कुठे जातो हे आईला कळलं तेव्हा तिला वाटलं, कामालाच जातोय. तिचा आनंद गगनात मावेना. तिने अक्कासाठी राखाडी लोकरीचा स्वेटर विणायला घेतला. अक्काची बोटं आखडली होती, म्हणून तिने त्याला मोठाली लाल बटणं लावली. प्रत्येक बटण स्वतःच्या दुखऱ्या बोटांनी दहा वेळा लावून-काढून पाहिलं. मग कागदात गुंडाळून तो माझ्यात ठेवला आणि लेकाला बजावलं, "बटणं तिला लावता येतात का, तेवढं बघून ये."

बऱ्याच दिवसांनी माझ्यात काहीतरी वजन होतं. मी लंगडं चाक विसरून धावले. आम्ही त्या शहरात उतरलो. वृद्धाश्रम विमानतळापासून टॅक्सीने वीस मिनिटांवर होता. मालकाने घड्याळ पाहिलं, जिन्याशेजारच्या खुर्चीवर बसला आणि पन्नास मिनिटं फोनवर माइल्सचे आकडे बघत राहिला. नंतरच्या विमानाने परतला असता तर त्या तिकिटावर माइल्स कमी मिळाले असते. स्वेटर माझ्याबरोबर परत आला.

घरी पोचण्यापूर्वी त्याने तो माझ्या चोरकप्प्यात कोंबला आणि चेन लावली.

"दिलास?" आईने दारातच विचारलं.

"दिला."

"बटणं लागली तिला?"

"लागली की. खूश झाली."

मला तेव्हा उलटी करता आली असती तर मी तो स्वेटर तिथेच ओकून टाकला असता. पण बॅगेला चेन आतून उघडता येत नाही.

रविवारी आईने फोन केला. अक्का म्हणाली, "नाही गं, कोणीच आलं नव्हतं." आई हसत म्हणाली, "अगं, काल तर आला होता. राखाडी स्वेटर, लाल बटणं. आठव बघू." अक्का घाबऱ्या आवाजात म्हणाली, "आला असेल बाई. मलाच आठवत नसेल." फोन ठेवून आई पदराने डोळे पुसत राहिली. बहिणीची आठवण इतक्या लवकर गेली म्हणून ती रडत होती. मालक तिच्यासमोर बसून चहा पीत होता. त्याने कप खालीसुद्धा ठेवला नाही. एका शहाण्या म्हातारीला त्याने स्वतःच्याच डोक्यावर शंका घ्यायला लावली, तीही तिप्पट माइल्ससाठी. ह्याहून ओंगळ काम मी पाहिलेलं नाही.

स्वेटर घेऊन आठ शनिवार असेच गेले. चौथ्या का पाचव्या फेरीला, परतताना, तिथल्या तपासणीवाल्या बाईने पडद्यावर माझं पोट पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. चोरकप्पा उघडून पुडकं चाचपलं.

"साहेब, हा स्वेटर मागच्या शनिवारीपण इथूनच परत गेला होता. कोणाचा आहे?"

"मावशीचा."

"असते कुठे मावशी?"

"इथेच," मालक म्हणाला आणि घड्याळाकडे पाहू लागला.

बाईने पुडकं हळूच आत ठेवलं आणि चेन लावली. मला माणसांच्या हातांची पारख आहे. त्या हातांना माझी कीव आली होती.

तीन महिने संपले आणि बोनस आला नाही. मालकाने एअरलाइनला फोन लावला. पलीकडून सांगितलं, पहिल्या उड्डाणाआधी नावनोंदणीचं बटण दाबायचं होतं, ते दाबलेलंच नाही. दुसऱ्यांपुढे ज्ञान पाजळणाऱ्या ह्या पंडिताने पहिलीच अट वाचली नव्हती. चाळीस मिनिटं तो फोनवर गयावया करत होता, "मॅडम, प्लीज, माझी बाजू समजून घ्या ना." इतक्या हळव्या आवाजात तो आईशी एकदाही बोललेला मी ऐकला नव्हता. शेवटी त्याने मला कपाटावर फेकलं. स्वेटर माझ्या पोटातच होता. तो त्याला विसरूनही गेला.

सात महिने मी कपाटावर धूळ खात पडून होते. खालून रविवारचे फोन ऐकू यायचे. अक्काची वाक्यं तोकडी होत गेली. पुढे आईच एकटी बोलायची. एके दिवशी आश्रमातल्या परिचारिकेने सांगितलं, "येणार असाल तर आता या." आईने लेकाला सांगितलं. तो म्हणाला, "दोनच महिने थांब ना आई. नवीन बोनस येतोय, मग थेट पुढच्या सीटवर."

तो कामावर गेल्यावर आईने सुनेकडून मला खाली काढून घेतलं. ओल्या फडक्याने पुसलं, दोन साड्या ठेवल्या, काही राहिलंय का बघायला चोरकप्प्याची चेन ओढली आणि कागदाचं पुडकं तिच्या हाताला लागलं.

ती पलंगावर बसली. एकेक लाल बटण तिने बोटाने चाचपलं. "म्हणजे तेव्हा तिचं बरोबर होतं," ती सुनेला म्हणाली. "मीच तिला खोटं पाडलं."

खालच्या मजल्यावर तिकिटं काढून देणाऱ्याचं दुकान होतं. आई जिना उतरून तिथे गेली.

"स्वस्तातलं बघू का, आजी?"

"लवकरातलं बघा."

"माइल्सचा नंबर आहे का?"

"नाही. आणि नकोय."

दुसऱ्या दिवशीच्या विमानात तिला मधली सीट मिळाली, शौचालयाजवळची. मी तिच्या पायाशी होते. विमान उतरलं तेव्हा तिने शेजाऱ्याला विचारलं, "पोचलो? एवढंच होतं?" दोन तास लागले होते.

अक्का खिडकीशी बसली होती. तिने आईकडे पाहून नमस्कार केला आणि विचारलं, "आपण कोण?" आईने तिला स्वेटर घातला. अक्काने आखडलेल्या बोटांनी पहिलं बटण लावलं, मग दुसरं, मग सगळी. बाहीवरून हात फिरवत ती म्हणाली, "माझी धाकटी बहीण अश्शीच विणते. ती येणार आहे हं मला भेटायला. मुलगा आणणार आहे तिला, पुढच्या सीटवर बसवून."

"हो," आई म्हणाली, "येईल ती."

संध्याकाळपर्यंत ती बहिणीचा हात धरून बसली. निघताना तिने पर्समधून बोर्डिंग पास काढला, त्याच्या मागे पेनने काही लिहिलं आणि तो स्वेटरच्या खिशात ठेवून खिसा थोपटला.

आम्ही परतलो तेव्हा विमानतळावर मालक न्यायला आला होता. त्याने आईला नमस्कार केला नाही, अक्काची चौकशी केली नाही. माझा दांडा हातात घेत म्हणाला, "आई, जातानाचा बोर्डिंग पास जपून ठेवलायस ना? नंतरही माइल्स लावून घेता येतात."

आईने दांडा त्याच्या हातातून काढून घेतला.

"तो अक्काच्या खिशात आहे," ती म्हणाली. "त्यावर लिहिलंय, मी येऊन गेले. म्हणजे पुन्हा कोणी तिला खोटं पाडणार नाही."

मित्रांनो, मी आता आईच्या पलंगाखाली असते. चाकात तेल घाला, मला ऊन दाखवा, असं मी तुमच्याकडे काही मागणार नाही. एवढंच सांगते, तुमच्या बॅगेत कुणी दुसऱ्यासाठी काही ठेवलं असेल, तर आज उठून ते पोचवून या. त्या शहरातून मी आठ वेळा भरलेली परत आले. आईबरोबर परतताना पहिल्यांदा माझा चोरकप्पा रिकामा होता, आणि मला त्याची लाज वाटली नाही.