सोजिदाचा हिवाळा

सप्टेंबर सरत आला की ओशजवळच्या डोंगरातलं अर्सलनबोब गाव रिकामं होतं. घरांना कुलपं लागत नाहीत, नुसत्या कड्या. गाई, कोंबड्या, पाळणे, समोवार, सगळं गाढवांवर लादून माणसं वर अक्रोडाच्या रानात राहायला जातात, ती पहिला बर्फ दिसेपर्यंत. शाळेतली पोरं जातात आणि त्यांचे मास्तरही जातात, त्यामुळे कुणी कुणाला बोलत नाही.

मी त्या गावात दोन दिवसांसाठी आले होते. त्याला सहा वर्षं झाली होती. त्याआधी ह्युएमध्ये मुलांना इंग्रजी शिकवत होते, पेनांगला एका खानावळीत राहून तिथलाच हिशेब बघत होते, एक थंडी उलानबातरमध्ये काढली. प्रत्येक गावातून मी खिडक्यांना पडदे लावायच्या आतच निघाले. इथे मात्र मावलुदाखालाने, खाला म्हणजे मावशी, आपल्या घरातली खालची खोली दिली आणि पहिल्याच आठवड्यात पडदेही शिवून लावले. "उघड्या खिडकीत बाईमाणूस बरं दिसत नाही," म्हणाली. विषय संपला.

घरात दोघीच. मावलुदाखाला आणि तिची सून सोजिदा. खालाचा मुलगा अदहम लग्नानंतर वर्षभरात रशियाला कामाला गेला होता. ते नवल नव्हतं; गावातल्या निम्म्या घरांतले पुरुष तिकडेच असतात. पाच वर्षं त्याचे फोन आणि पैसे यायचे. मग दोन वर्षं काहीच नाही. त्याच्याबरोबर गेलेले लोक सांगायचे, जिवंत आहे, पूर्वेकडे गेलाय. एवढंच.

अक्रोड झाडावर चढून हलवायचे असतात. काम पुरुषांचं. गडी लावला तर तो निम्मा माल घेऊन जातो. म्हणून फोन थांबले त्या वर्षी सोजिदा स्वतःच चढली. वारलेल्या सासऱ्याची जुनी पँट घातली, कमरेला दोर बांधला आणि चढली. गाव महिनाभर बोललं. दुसऱ्या वर्षी तेच गाव "सोजिदा, आमचंही तेवढं एक झाड बघ गं," म्हणत यायला लागलं.

रानातले दिवस कसे जातात ते मला नीट सांगता येणार नाही. सकाळी धुकं इतकं उतरायचं की गाय दिसायची नाही, नुसती तिच्या गळ्यातली घंटा चालत गेल्यासारखी वाटायची. धूर वर न जाता फांद्यांखाली पसरून राहायचा. ओल्या सालींचा उग्र, गोडसर वास. खाला म्हणायची, अक्रोडाच्या सावलीत झोपू नये, झोपलेला माणूस आणि उठलेला माणूस एकच असेल याची खात्री नसते. तरी दुपारी सगळे तिथेच आडवे व्हायचे. मीही. डोळे उघडल्यावर मला कितीतरी वेळ कळायचं नाही की मी कोणत्या गावात आहे. कधी कानात ह्युएच्या नदीवरच्या होड्या असायच्या, कधी पेनांगचा पाऊस. मग वरून टपटप अक्रोड पडायचे आणि मी इथे यायचे.

अशाच एका सकाळी सोजिदा झाडावर होती, मी नि खाला खाली चादर पसरून बसलो होतो. धुक्यातून एक माणूस आला. पाठीला पिशवी, पायांत शहरी बूट, चिखलाने माखलेले. झाडाखाली येऊन थांबला आणि वर बघत म्हणाला, "सोजिदा."

फांदी हलायची थांबली.

"कोण आहे?"

"मी. अदहम."

 वरून आवाज आला, "कुठला अदहम?"

 उत्तर खालाने दिलं. हातातला अक्रोड सोलता सोलता, मान वर न करता म्हणाली, "माझ्या पोटचा. बाकी मला काही माहीत नाही."

"आई—"

"थांब. आधी तिच्याशी बोल. माझा नंबर नंतर."

"सोजिदा, खाली ये ना," तो म्हणाला.

"काम चालू आहे. बाजूला हो, डोक्यात पडतील."

तो बाजूला झाला नाही. तिने दोन्ही हातांनी फांदी धरली आणि अशी हलवली की आख्खं झाड गदगदलं. अक्रोड गारांसारखे कोसळले. त्याच्या डोक्यावर, खांद्यांवर, पिशवीवर. त्याने हात वर केला नाही. सगळे पडून झाल्यावर तो वाकला आणि चादरीबाहेर गेलेले अक्रोड वेचायला लागला.

खालाने त्याला चहा दिला नाही. "सून उतरेपर्यंत नाही," म्हणाली. सोजिदा त्या दिवशी तीन झाडं चढली. जमिनीला पाय न लावता, फांदीवरून फांदीवर. दुपार टळून गेल्यावर खाली आली, त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि मला म्हणाली, "ओपा, याला चहाचा पेला द्या. हात गारठलेत त्याचे."

ओपा म्हणजे ताई. तिच्यापेक्षा मी दहा वर्षांनी मोठी.

अदहमने आमच्या तंबूपासून जरा अंतरावर प्लास्टिकचा कागद बांधून आपलं बिऱ्हाड केलं. त्याला कुणी राहा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तो पाणी आणायचा, लाकडं फोडायचा, पोती बांधायचा. सोजिदा त्याच्याशी कामापुरतं बोलायची. "दोर धर." "पोतं ओढ." शेजारच्या बायका मुद्दाम आमच्याकडे विस्तव मागायला यायच्या आणि बघून जायच्या. एकीने विचारलंच, "काय गं, नवरा आला ना, मग अजून तूच झाडावर?"

"त्याला चढता येत नाही," सोजिदा म्हणाली. "सात वर्षं सपाट जमिनीवर होता."

अदहम ऐकून हसला. मग त्याच्या लक्षात आलं की बाकी कुणी हसत नाहीये.

आठवड्याभराने तो माझ्याशेजारी साली काढायला बसला. हिरव्या सालीने हात काळे होतात, तो रंग महिनाभर जात नाही. त्याचे नुकतेच काळे व्हायला लागले होते.

"ओपा, तुम्ही पण फिरत फिरतच आलात ना इथे?"

"हो."

"मग तुम्हाला कळेल." तो सालीत सुरी खुपसून थांबला. "मी नोवोसिबिर्स्कहून व्लादिवोस्तोकला गेलो, एका महिन्यासाठी. तिथून मासेमारीच्या बोटीवर, कोरियाकडे. बोटीवर फोन लागायचा नाही. किनाऱ्यावर आलो तर म्हटलं, काहीतरी हातात घेऊनच करावा. पहिल्या महिन्यात राहिला. दुसऱ्या महिन्यात लाज वाटली. सहाव्या महिन्यात लाजेचीही सवय झाली. मग वाटायला लागलं, घर हे आपल्याला कधीतरी पडलेलं स्वप्न आहे. खरं काय, तर ती बोट, तो वास, ते पाणी."

"दुसरी कुणी?" मी विचारलं.

"असती तर बरं झालं असतं. सांगायला कारण झालं असतं."

मी पुढचा अक्रोड उचलला. माझी सख्खी बहीण साताऱ्याला होती. तिला फोन करून मला चार वर्षं झाली होती, आणि मी तर कोणत्याही बोटीवर नव्हते.

ऑक्टोबरच्या अखेरीस डोंगरमाथ्यावर बर्फ दिसला. तंबू उतरवले. गाढवांवर सामान चढत होतं तेव्हा सोजिदा दोर गुंडाळत अदहमपाशी गेली. मी नि खाला जवळच होतो, आम्ही ऐकावं असंच तिला वाटत असणार.

"घरी चल," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उजळला.

"पूर्ण ऐक. सात हिवाळे त्या घरातली चूल मी विझू दिली नाही. छपरावरचा बर्फ मी काढला, तुझ्या आईचे गुडघे मी चोळले, कुणी दार वाजवलं की मी उठले. हा हिवाळा तू कर. मी जाते."

"कुठे?"

"माहीत नाही. बघते."

"किती दिवस?"

"ते तू मला सांगितलं होतंस का?"

अदहमने आईकडे पाहिलं. खाला गाढवाचा पट्टा आवळत होती. "माझ्याकडे काय बघतोस? भाकरी भाजता येते का ते आठव," म्हणाली. मग सुनेकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "परत येशील ना गं?"

"येईन, आई. पण त्याच्यासाठी येईन की नाही, ते आत्ता नाही सांगता येत."

"तेवढं पुरे," खाला म्हणाली, आणि गाढवाला उगाचच एक रट्टा दिला.

सोजिदाला एकटीला जाऊ देणं खालाला पटेना, म्हणून मी बरोबर निघाले. जिल्ह्याच्या गावापलीकडे ती कधी गेली नव्हती. ओशमध्ये एक दिवस, मग सीमा ओलांडून अंदिजान, तिथून आगगाडी. गाडी सुटल्यावर तिने खिडकीच्या काचेला कपाळ टेकलं आणि समरकंद येईपर्यंत ते काढलं नाही. कापसाची रिकामी शेतं, तुतीच्या रांगा, पाण्याचे पाट, फाटकापाशी सायकल धरून थांबलेली माणसं. "ओपा," ती मधेच म्हणाली, "एवढी माणसं आहेत आणि यांतल्या एकालाही मी कोण ते माहीत नाही." मला वाटलं ती घाबरली. वाकून पाहिलं तर हसत होती.

बुखाऱ्यात एका म्हातारीकडे खोली घेतली. हमरोखोन तिचं नाव. ती रेशमाने मोठमोठ्या चादरी भरायची, डाळिंबं, चंद्र, वेली. सोजिदा तिसऱ्या दिवशी तिच्याशेजारी सुई घेऊन बसली. हमरोखोनने तिचे काळे हात बघितले. "हे काय? कोळसे विकतेस?"

"अक्रोड."

"रेशमाला लावू नकोस."

"सुटत नाही हा रंग. सुटेल तेव्हा सुटेल."

"मग काळी नक्षी काढ," म्हातारी म्हणाली, आणि तिला काळा धागा दिला.

बर्फ पडायला लागला. विटांच्या घुमटांवर, तलावाकाठच्या म्हाताऱ्या तुतींवर. आवाज सगळे मऊ झाले. सोजिदा सकाळी एकटी फिरायला जायची आणि परत आल्यावर सांगायची नाही कुठे गेली होती. मीही विचारत नव्हते. मला मात्र काहीतरी झालं होतं. इतकी गावं फिरले, कधी मागे वळून पाहिलं नाही, आणि आता चहाचा पेला हातात घेतला की मावलुदाखालाची खालची खोली आठवायची. छपरावरचा बर्फ त्या माणसाने काढला असेल का, असं वाटायचं. घरची ओढ म्हणतात ती हीच का, हे कुणाला विचारावं तेही कळेना.

एका दुपारी मी साताऱ्याला फोन लावला.

"हॅलो, कोण?"

"अक्का, मी. वसू."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, "थांब, गॅस बंद करते." आणि परत येऊन रडायला लागली. रडता रडताच म्हणाली, "मेले, चार वर्षं! कुठे आहेस?"

"बुखाऱ्यात."

"ते कुठे आलं? जेवलीस का?"

आम्ही तासभर बोललो. तिच्या गुडघ्यांबद्दल, भाच्याच्या लग्नाबद्दल, जे होऊन दोन वर्षं झाली होती. ठेवताना ती म्हणाली, "परत कधी करशील?" मी म्हटलं, रविवारी. आणि रविवारी केला.

जानेवारीत मी परत निघाले. सोजिदा म्हणाली, "तुम्ही जा. माझी चादर अर्धी झालीय." स्टेशनवर ती मला सोडायला आली होती. तिच्या खांद्यावर हमरोखोनने दिलेली लाल शाल होती आणि ती त्या शहरातलीच वाटत होती.

अर्सलनबोबला पोचले तर छप्पर साफ होतं. दार अदहमने उघडलं. केसांत पीठ, हातावर भाजल्याचे डाग. तो माझ्यामागे पाहत राहिला. मागे कुणी नव्हतं.

"बरी आहे," मी म्हटलं. "भरतकाम शिकतेय."

"काही म्हणाली?"

"तुझ्याबद्दल? नाही."

त्याने मान हलवली आणि माझी पिशवी आत घेतली. खाला आतून ओरडली, "वसू, ये गं बाई! याची भाकरी खाऊन दात गेले माझे. दगड बरा." पण ताटातली भाकरी चांगली होती. आणि तिच्या गुडघ्यांवर लोकरीची पट्टी नीट बांधलेली होती, बायका बांधतात तशी. तो हिवाळा अदहम कुठे गेला नाही. दार वाजलं की उठायचा. प्रत्येक वेळी जरा घाईने.

मार्चमध्ये बर्फ वितळून गल्लीभर पाणी वाहायला लागलं. नवरोजच्या सणाच्या दोन दिवस आधी दुपारच्या बसने सोजिदा आली. न कळवता. पाठीवर गुंडाळलेली चादर, पायांत नवे बूट. अंगणात आली तेव्हा अदहम कोंबड्यांचं खुराडं धूत होता. तो उठून उभा राहिला. हात पुसायचे विसरला.

"आलीस," तो म्हणाला.

"आले."

"थांबणार?"

"आधी चहा दे."

ती आत जाऊन बसली. त्याने चहा ओतला.  खाला तिच्या तोंडावरून हात फिरवत होती, बारीक झालीस, काळी झालीस, सगळं म्हणून झालं. मग अदहम तिच्यासमोर गुडघे टेकून बसला. अख्खा हिवाळा मनात घोळवलेलं असावं.

"सोजिदा, मला तुला सांगायचंय. मी कुठे कुठे होतो, का—"

तिने हात वर केला.

"सांगशील. सगळं ऐकून घेईन, मग ठरवेन. पण आधी मी सांगते." तिने चहाचा घोट घेतला. "अंदिजानला आम्ही आगगाडीत बसलो ना..."

खालाने माझा दंड धरला. "ऊठ," ती कुजबुजली. "आपलं इथे काय काम?"

आम्ही दोघी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. ऊन होतं. पन्हाळीतून बर्फाचं पाणी गळत होतं. आतून सोजिदाचा आवाज येत होता, सलग, कुठेही न थांबता, आणि मधूनमधून अदहमचा प्रश्न, "मग?"

"लांबणार हे," खाला म्हणाली, आणि पाय उन्हात पसरले.