रंग टिकेपर्यंत

"काकू, आत्ता 'थांब' कोण म्हणलं?"

प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलाशी उभ्या असलेल्या काजलने मागे वळून पाहिलं. मागे रसायनांची कपाटं होती आणि त्यांच्यावर पडलेलं दुपारचं ऊन. दीपमालाने ब्युरेटची, थेंब सोडायच्या उभ्या काचनळीची, चावी नुकतीच बंद केली होती. खालच्या फ्लास्कमधलं द्रावण फिकट गुलाबी झालं होतं, अगदी हवं तेवढंच.

"कोणी नाई वं. भास झाला असंन तुले," ती म्हणाली. पण तिने काजलकडे पाहायचं टाळलं. आजवर तो आवाज फक्त तिलाच येत होता.

दीपमाला ताकसांडे कारंजाच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. वर्गातल्या मुलींच्या आयांएवढं तिचं वय. बारावी सायन्स झाली आणि तिचं लग्न झालं. पुढे शिकायचं राहून गेलं. ते तिची मुलगी समीक्षा शिकणार होती. गेल्या वर्षी समीक्षा याच प्रयोगशाळेत उभी असायची. दिवाळीच्या सुट्टीत तिला डेंग्यू झाला आणि नागपूरला पोचेपर्यंत सगळं संपलं. पहिल्या सत्राची परीक्षाही तिच्या हातून झाली नाही. पुढच्या जूनमध्ये दीपमालाने स्वतःच प्रवेश घेतला. का घेतला, हे तिला कोणालाच नीट सांगता आलं नाही.

पहिल्याच टायट्रेशनला, थेंबाथेंबाने आम्ल मोजायच्या प्रयोगाला, कुठे थांबायचं ते तिला कळत नव्हतं. फ्लास्कमध्ये आम्ल, ब्युरेटमध्ये अल्कली. एक थेंब जास्त पडला की रंग गडद होतो आणि सगळं परत करावं लागतं. तेवढ्यात कानाशी कोणीतरी म्हणालं, "थांब." ती थांबली. रंग बरोबर आला होता. आवाज समीक्षाचा होता.

तेव्हापासून दीपमाला फ्लास्ककडे बघेनाशी झाली. ती नुसती ऐकायची.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. नागेशचं हायवेला टायरदुरुस्तीचं दुकान होतं. तो बराच वेळ हाताचं ग्रीस पुसत राहिला.

"काजलनंबी आयकलं?"

"हो."

"मंग तू आता जाऊ नको तिथं."

"काऊन? पोरगी बोलून राह्यली माह्याशी."

"म्हणूनच म्हनतो. तू जाते म्हणून थे तिथंच अडकून राह्यली."

दीपमाला तरी जात राहिली. पहिल्या सत्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी सकाळी ती निघाली, तेव्हा नागेशनेच मोटरसायकल काढली आणि तिला गेटापर्यंत सोडलं.

बाहेरगावचे परीक्षक टेबलांमधून फिरत होते. दीपमालाने चावी सोडली. थोडं अल्कली पडलं, तोच आवाज आला.

"थांब."

ती थांबली. फ्लास्कमध्ये रंगाचा मागमूस नव्हता. तिने पुन्हा चावी फिरवली.

"थांब. आई, थांब ना."

शेजारच्या टेबलावर काजलचा चेहरा पांढरा पडला होता. दीपमालाला मात्र आत्ता कळलं. आवाज रंगाबद्दल बोलतच नव्हता. ही परीक्षा झाली की दुसरं सत्र सुरू होणार होतं, आणि समीक्षा तिथपर्यंत कधी गेलीच नव्हती. आईने आपल्याला मागे सोडून पुढे जाऊ नये, एवढंच ती म्हणत होती.

तिचे डोळे भरून आले. ते तिने बाहीला पुसले.

"बेटा," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली, "मले पाहू दे."

मग तिने एकेक थेंब सोडला. आवाज येत होता, लांबून, मग आणखी लांबून. गुलाबी ठिपका उमटायचा आणि फ्लास्क हलवला की विरून जायचा. शेवटी एक विरला नाही. तिने चावी बंद केली. कोणीच काही म्हणालं नाही.

"इथेच का थांबलात?" परीक्षकांनी विचारलं.

"रंग टिकला, सर. हलवला तरी गेला नाई."

त्यांनी मान हलवली आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले.

परीक्षा संपल्यावर मुली भराभर बाहेर पडल्या. "काकू, चला ना, बस निंगून जाईन!" काजलने जिन्यातून हाक मारली.

दीपमाला सगळ्यांत शेवटी निघाली. उंबऱ्याबाहेर आल्यावर तिने प्रयोगशाळेचं दार हाताने धरून ठेवलं, मागून कोणी येत असलं की धरतात तसं. आत शिपाई काचेची भांडी विसळत होता. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली.

मग तिने दार हळूच लोटून घेतलं.